वॉरंबंगल: दगडी भिंत आणि गडद रात्र

सिडनीपासून वायव्येला साधारण 450 किलोमीटरवर कूनाबराब्रन नावाचं छोटं गाव आहे. मेंढ्यांची कुरणं मागे टाकत आपण पश्चिमेला निघतो. अर्ध्या तासात समोर वॉरंबंगल राष्ट्रीय उद्यानाचे दातेरी सुळके उभे राहतात. इथल्या आदिवासींच्या गमिलराय भाषेत वॉरंबंगल म्हणजे वेडेवाकडे डोंगर. पहिल्या नजरेतच नाव पटतं.

1 कोटी 70 लाख ते 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी धगधगत होता. आज उरलाय तो त्याचा सांगाडा. त्यातली ब्रेडनाइफ नावाची दगडी भिंत पाहाच. उंची जवळपास 90 मीटर, जाडी मात्र जेमतेम काही मीटर! खडकाच्या भेगेत लाव्हा घुसला आणि तिथेच थिजला. भोवतीचा मऊ खडक वारा-पावसाने झिजत गेला आणि ही भिंत उघडी पडली. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी अशा डाइक पाहिल्या असतील. पण इतकी सडसडीत आणि एवढी उंच भिंत समोर आली की पाय आपोआप थबकतात. तिच्यावर चढायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

तिच्या कुशीतून ग्रँड हाय टॉप्सची वाट वर जाते. जाऊन-येऊन साधारण 14 किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तासांची चाल. पाणी खालूनच भरून घ्या आणि उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हा बेत करू नका. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर व्हाइटगम लुकआउट गाठा. थोडंसं चाललं की सगळी रांग नजरेत मावते.

चालताना झाडांच्या खोडांकडे लक्ष द्या. सालीवर अजून काजळी दिसते. जानेवारी 2013 मध्ये वणव्याने या राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे 90 टक्के भाग जाळला, परिसरातली पन्नासहून अधिक घरं गेली. सायप्रसची झाडं जळाली ती कायमचीच. त्यांची पुढची पिढी बियांतून उगवते. निलगिरीचं तसं नाही. तिच्या जाड सालीखाली कळ्या झोपलेल्या असतात. आग ओसरली की काळ्याठिक्कर खोडावर, अगदी बुंध्यापासून, कोवळ्या पानांचे झुबके फुटतात. जणू झाडाने हिरवी लोकर पांघरलीय.

त्याच वणव्याच्या ज्वाळा सायडिंग स्प्रिंग वेधशाळेपर्यंत पोहोचल्या. तिथल्या काही इमारती जळाल्या, दुर्बिणी मात्र वाचल्या. त्यातली सर्वांत मोठी, 3.9 मीटर व्यासाच्या आरशाची, 1974 पासून आकाश न्याहाळते आहे. तिच्या घुमटाला सूर्य मानून आजूबाजूच्या रस्त्यांवर ग्रहांचे फलक उभारलेत. इथला 1 किलोमीटर म्हणजे अवकाशातले 3 कोटी 80 लाख किलोमीटर. पृथ्वी चार किलोमीटरवरच भेटते, प्लूटोसाठी मात्र पार डब्बो शहरापर्यंत गाडी हाकावी लागते.

संध्याकाळी गाडी हळू चालवा, कांगारू रस्त्यावर येतात. मग मुक्कामी पोहोचून दिवे मालवा. 2016 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्या. आपल्याकडे मे महिन्यात दक्षिण क्षितिजालगत खाली दिसणारा त्रिशंकू तारकासमूह इथे थेट उंच चढलेला असतो. महाराष्ट्रातून जवळजवळ दिसतच नाहीत ते मॅजेलनचे दोन मेघ, म्हणजे दोन छोट्या दीर्घिका, इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात: पिंजलेल्या कापसाचे दोन पुंजके, आणि त्यांच्याखाली ब्रेडनाइफची काळी कड.