आधी वास शोधा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यातला फोन एकाच तक्रारीने वाजायला लागतो. "डॉक्टर, कुत्र्याला फार वास येतोय हो, घरात बसवत नाही." आणि फोन ठेवता ठेवता दुसरी तक्रार येते, "आणि सोफ्याचा पायसुद्धा कुरतडलाय." आज या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. त्यातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगते, पुढेही सांगत राहीन: आधी वास शोधा, मग धुवा.

निरोगी कुत्र्याच्या अंगाला थोडा वास असतो, तो त्याचा स्वतःचा. तो जाणार नाही आणि घालवायचाही नाही. अचानक वाढलेला, आंबूस किंवा कुजकट वास मात्र एका ठिकाणाहून येत असतो. ते ठिकाण शोधायला आपलं नाक पुरतं. कानाजवळ न्या. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत, लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल, कानात ओल कोंडते आणि मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढते. कान लाल, आत तपकिरी मळ, कुत्रा सारखी मान झटकतो. तोंडाजवळ न्या. दातांवर पिवळं कीटण साचलं असेल तर ते नुसत्या पाण्याने जाणार नाही. पंजे हुंगा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि बोटांच्या बेचक्यात पावसाचं पाणी राहिलं की तिथेच वास धरतो. आणि मासळीसारखा उग्र वास येत असेल, कुत्रा बूड जमिनीवर घासत असेल, तर शेपटीखालच्या दोन ग्रंथी भरल्यात असं समजा. त्या रिकाम्या करायचं काम डॉक्टरांकडून करून घ्या.

यातलं एकही अंघोळीने बरं होत नाही. म्हणून म्हणते, आधी वास शोधा.

जाता जाता एक सांगू का? पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हस्की पाळलेले मी बघते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. बर्फासाठी मिळालेली दुहेरी लव त्याच्या अंगावर, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला. पावसात ती लव आतून वाळतच नाही. मग वास येतो म्हणून त्याच्यावरच ओरडा. आपला गावठी कुत्रा घ्या. लव आखूड, अंग पटकन वाळतं, हवा मानवलेली, आणि माया तितकीच. असो.

आता ती गोष्ट सांगते. नारायण पेठेतली.

जुलै महिना, चार दिवस पावसाची झड. दारं-खिडक्या बंद, दिवाणखान्यात दोरीवर कपडे. एका घरातल्या सूनबाईंचा फोन आला. लॅब्रॅडॉरचं पिल्लू, नाव बंड्या, वय पाच महिने. "दिवसाआड अंघोळ घालतेय, शाम्पू बदलला, धूप घातला, कापूर जाळला. वास तसाच. सासूबाई म्हणतात, एक तर तो राहील नाहीतर मी." मागून आजोबांचा आवाज, "आणि चपलेचं सांग!"

चपलेचं असं होतं की बंड्या चपला खायचा. चपला सगळीच पिल्लं खातात. पण हा फक्त आजोबांची चप्पल खायचा, आणि तीही फक्त उजव्या पायाची.

मी घरी गेले. दारातच आजोबांनी पुरावा मांडून ठेवला होता. डाव्या पायाच्या कोल्हापुरी चपलांची रांग, सगळ्या धडधाकट, एकीचीही जोडीदार नाही. "डॉक्टर, हा मुद्दाम करतो. चेहरा बघा त्याचा, गुन्हेगार आहे की नाही?" बंड्या कान पाडून, डोळे चोरून बसलेला. या चेहऱ्यावर जाऊ नका, श्रोतेहो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी 2009 साली याचा प्रयोग करून पाहिला. कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा येतो. तो आपल्या आवाजाला घाबरलेला असतो. तासाभरापूर्वी खाल्लेल्या चपलेचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध त्याला लागत नाही.

मी बंड्याला मांडीवर घेतलं. कान हुंगले, स्वच्छ. तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दात पडून नवे येत होते, हिरड्या थोड्या सुजलेल्या. पंजे ठीक, शेपटीखाली ठीक. कातडी मात्र कोरडी, कोंडा सुटलेला, खाजवून खाजवून पोटाला लाली. हे सगळं त्या दिवसाआडच्या अंघोळीने. आपल्या कातडीला चालणारा आम्लधर्मी शाम्पू कुत्र्याला चालत नाही, त्याची कातडी जवळजवळ उदासीन असते. पण वास? कुत्र्याला वास नव्हताच! पिल्लू नाकाशी धरलं तर साबणाचा वास, आणि खोलीत नाक वर केलं तर खवट, ओला, कुबट वास.

मी म्हटलं, "आजी, वास बंड्याला नाही, घराला आहे." आजींना ते मुळीच आवडलं नाही. त्यांचं घर लख्ख होतं, फरशीत तोंड दिसावं इतकं.

मग मी बंड्याला खाली सोडलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. तो थोडा वेळ घुटमळला, आणि सरळ भिंतीकडच्या दिवाणाखाली शिरला. तो दिवाण शिसवी, जुन्या वाड्यातून आणलेला, चार माणसांना हलेना. शेजारच्या मुलाला बोलावलं. दिवाण सरकवला, आणि भिंतीच्या कोपऱ्यात ढीग निघाला. उजव्या चपलांचे अंगठे, पट्टे, टाचा. लाळेने भिजलेल्या, पावसाळी हवेत न वाळलेल्या, वर हिरवट बुरशी. सूनबाईंनी पदर नाकाला लावला. वास तोच.

पण उजवीच का? हे मला सुटेना. मी एक तुकडा उचलून हुंगला. चामड्याचा वास होता, आणि त्याच्या आत तुपाचा.

"तूप?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "हो, यांच्या टाचेला भेगा पडल्यात. रोज रात्री काशाच्या वाटीने तूप चोळते मी." आणि आजोबा रात्री उठले की तोच पाय चपलेत. मी म्हटलं, "पण एकाच पायाला?" आजी म्हणाल्या, "डाव्या पायाला भेग नाही. मग तूप कशाला वाया घालवायचं?"

म्हणजे बघा, दात शिवशिवणारं पिल्लू, समोर कातडं, आणि त्या कातड्यात रोज मुरणारं घरचं साजूक तूप. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी आज रस्त्यावर रेक्झिनची नक्कल कोल्हापुरी म्हणून खुशाल विकली जाते, याचा मला राग येतो. बंड्याला खऱ्या चामड्याची पारख होती. रबरी सपातांना त्याने तोंडही लावलं नव्हतं.

त्या घरात औषध असं काही दिलंच नाही. तूप लावलं की आजोबांनी पायमोजा घालायचा, चप्पल बंद कपाटात. दिवाणामागची जागा साबणाच्या पाण्याने धुतली, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसली, पंखा लावून खडखडीत वाळवली. अंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्याच्याच शाम्पूने. आणि बंड्याला त्याच्या हक्काचं चावायला दिलं: चांगल्या घट्ट रबराचं खेळणं, त्यावर बोटाच्या टोकाएवढं तेच तूप. दात येऊन झाले तसं कुरतडणंही ओसरलं. आजी अजून त्याच्याशी बोलतात ते "चोरा" म्हणूनच, पण पहिली पोळी त्याची असते.

आता वेळ थोडा आहे, तर बाकीचं भराभर सांगते.

पिल्लाला दुधाचे दात 28 असतात, मोठेपणी 42 होतात. साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत ही अदलाबदल चालते. या काळात ते चावणारच. चावू नको असं शिकवता येत नाही, काय चावायचं हे शिकवता येतं. मंडईतलं गाजर फ्रीजमध्ये गार करून द्या. जुना पंचा ओला करून, गाठ मारून, फ्रीजरमध्ये ठेवून द्या, पण तुमच्या डोळ्यांसमोर. रविवारच्या मटणातली शिजलेली नळी मात्र कधीही देऊ नका, तिच्या कपच्या निघतात. आणि अंगठ्याचं नख दाबून ज्यात खळगा पडत नाही, ती वस्तू दातांना फार कठीण आहे असं समजा.

तोंडात चप्पल दिसली तर मागे धावू नका. धावलात की त्याला तो खेळ वाटतो. जवळ बोलवा, दुसरं काही चांगलं पुढे करा, सोडलं की शाबासकी. मोठा कुत्रा फक्त तुम्ही बाहेर गेल्यावरच दार आणि चौकट ओरबाडत असेल, तर तो एकटेपणाने कासावीस झालेला असतो. त्याला शिक्षा करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि नुसता कंटाळलेला असेल तर त्याला तळजाईच्या टेकडीवर न्या, हुंगू द्या. मोबाईलमध्ये डोकं घालून सोसायटीला एक फेरी मारणं म्हणजे फिरवणं नव्हे.

फर्निचरला तिखट फासू नका, ते डोळ्यांत जातं. कडू चवीचा फवारा दुकानात मिळतो, तो चालेल. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवर कुत्र्याला सोडू नका, तो पंजे चाटतो. अमोनियाचा वास असलेल्या द्रवाने त्याची शू पुसू नका, त्याला तो वास शूचाच वाटतो आणि तो पुन्हा तिथेच करतो. टी ट्री तेल अंगाला लावू नका, ते विषारी आहे. कानात खोबरेल घालू नका, कापसाची काडीही नको. आणि पुन्हा सांगते, आधी वास शोधा, मग धुवा.

एक शेवटचं, आणि हे लिहून ठेवा. चावलेलं गिळलं गेलं असेल, पायमोजा, रबराचा तुकडा, आंब्याची कोय, आणि कुत्रा सारख्या उलट्या करत असेल, खाणं सोडलं असेल, पोट फुगलं असेल किंवा शी होत नसेल, तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. उद्या बघू असंही म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्या, आणि गिळलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. काय गिळलंय ते त्यावरून कळतं.

नमस्कार.