पाण्याला वाट, धुराला वाट

(दृश्य : रिकामी भिंत. फिटर टेपने अंतर मोजून पेन्सिलने खुणा करतो आहे. पेटी अजून खोक्यातच आहे.)

घर गरम ठेवणारा बॉयलर तसा साधा असतो. बर्नर पाणी तापवतो, पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरमध्ये येतं. पण आग, पाणी, गॅस आणि वीज इथे एकाच पेटीत नांदतात. म्हणून खोकं उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या : तापलेलं पाणी फुगल्यावर कुठे जाईल, आणि धूर कुठून बाहेर पडेल.

आधी पाणी. 10 अंश सेल्सिअसचं पाणी 80 अंशांवर गेलं की जवळपास 3 टक्क्यांनी फुगतं. पाइप आणि रेडिएटर मिळून 200 लिटर पाणी असेल, तर सुमारे पावणेसहा लिटर जास्तीचं पाणी जागा मागू लागतं. बंद यंत्रणेत ती जागा मिळाली नाही, तर दाब झपाट्याने चढतो.

(दृश्य : लाल रंगाची गोल टाकी. फिटर तिच्या हवेच्या तोंडाला गेज लावतो.)

ही जागा देते एक्सपान्शन टाकी. तिच्या पोटात रबरी पडदा असतो. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा सरकतो, आणि गार झालं की परत येतो. या टाकीतल्या हवेचा दाब यंत्रणेत पाणी भरण्याआधीच तपासायचा. पाण्याचा दाब पडद्यावर आला, की गेजवर टाकीचा स्वतःचा आकडा कळत नाही.

घरगुती बंद यंत्रणा गार असताना साधारण 1 ते 1.5 बार दाबावर ठेवतात. तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा 3 बारला उघडतो. सगळं चुकलं तरी पाण्याला उरणारी ही शेवटची वाट, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

20 मार्च 1905 रोजी अमेरिकेतल्या ब्रॉकटन इथे बुटांच्या कारखान्यातला वाफेचा बॉयलर फुटला. इमारत कोसळली, पेटली आणि 58 माणसं गेली. दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. भांडं फुटलं की दाब सुटतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. या दुर्घटनेनंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने 1907 मध्ये बॉयलरसाठी कायदा केला. पुढे 1915 मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता छापून आली. आजच्या नियमांमागे माणसांचे जीव आहेत, म्हणून ते कंटाळवाणे वाटले तरी एकही गाळू नये.

बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये एकही कॉक नको. व्हॉल्व्हचा बाहेर जाणारा पाइप खालच्या दिशेने उतरता हवा, त्याचं तोंड उघडं आणि दिसेल असं हवं, आणि गरम पाणी कुणाच्या अंगावर उडता कामा नये. व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्या तोंडाला बूच मारणं यासारखी भयंकर चूक नाही. ठिबकण्याचं कारण पुष्कळदा एक्सपान्शन टाकीची हवा गेलेली असणं, किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलेला असणं हे असतं. ते शोधायचं.

लाकूड किंवा कोळसा जाळणाऱ्या बॉयलरला आणखी जपावं लागतं. वीज गेली की गॅसचा बर्नर विझतो. इथे मात्र पंप थांबतो आणि निखारे जळतच राहतात. म्हणून अशा बॉयलरला उघडी व्हेंट पाइप, म्हणजे फुगलेलं पाणी आणि वाफ बाहेर सोडणारी, कायम उघडी पाइप हवी किंवा विजेशिवाय उष्णता काढून घेणारी सोय हवी.

(दृश्य : धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढताना.)

आता धूर. 1 घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जळायला सुमारे 10 घनमीटर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि माणसाला वाटतं, ताप येणार असेल.

खोलीतली हवा घेणारा बॉयलर असेल, तर हवेची जाळी कधीही बंद करायची नाही, थंडी आत येते म्हणूनसुद्धा नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन धूर उलटा आत ओढू शकतो. म्हणून दारं-खिडक्या लावून, फॅन चालू ठेवून, धूरकांडीने तपासावं : धूर वर ओढला जातो की खोलीत पसरतो? माझ्या मते नव्या बॉयलरसाठी शक्यतो बाहेरूनच हवा घेणारी बंदिस्त रचना निवडावी. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच राहत नाही.

कंडेन्सिंग बॉयलरमध्ये धुरातली वाफ गार होऊन पाणी होतं. ते आम्लयुक्त असतं. त्यामुळे धुराच्या पाइपचा उतार सहसा बॉयलरकडे ठेवतात, आणि ते पाणी तांब्याच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या नळीतून सोडतात.

पाणी भरण्याआधी जुने पाइप धुऊन घ्यायचे, नाहीतर गाळ सरळ नव्या बॉयलरमध्ये जातो. अर्थिंग आणि स्वतंत्र ब्रेकर हवाच. गॅसची जोडणी परवानाधारक फिटरनेच करायची आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, काडी पेटवून कधीच नाही.

(दृश्य : बर्नर पेटतो. फिटर धुरात तपासणी यंत्राची नळी घालतो.)

ज्योत निळी दिसली म्हणजे काम संपलं, असं नाही. धुरातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण यंत्रावर मोजून कागदावर लिहायचं, तो कागद घरमालकाला द्यायचा आणि गॅसचा मुख्य कॉक घरातल्या सगळ्यांना दाखवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॉयलरच्या अगदी डोक्यावर न लावता थोड्या अंतरावर लावायचा. तो वाजला की आधी सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. जाता जाता जमलं तर बॉयलर बंद करायचा आणि दारं-खिडक्या उघडायच्या. बाहेरून मदत बोलवायची, आणि जाणकार तपासून सांगेपर्यंत बर्नर पुन्हा पेटवायचा नाही.