विंडोजच्या आवृत्त्या: पडद्यावरचे बदल आणि आतले बदल

श्रोतेहो, संगणकावर नवी आवृत्ती आली की आपण प्रथम पडदा न्याहाळतो: बटणे कुठे गेली, रंग कोणता आला, चौकटीचे कोपरे गोल झाले का. जाहिरातही त्याचीच होते, कारण चित्रात दाखवता येते ते तेवढेच. विंडोजचा गेल्या तीस वर्षांचा प्रवास पाहिला, तर पडद्यावरचा मोठा बदल आणि गाभ्यातला, म्हणजे संगणकाचे मूळ काम चालवणाऱ्या आतल्या भागातला, मोठा बदल एकाच वेळी झाले असे क्वचितच दिसते. आणि यांपैकी कोणता झाला, हे आवृत्तीच्या नावावरून तर मुळीच कळत नाही.

सन २००० चेच पाहा. फेब्रुवारीत विंडोज २००० आले आणि सप्टेंबरमध्ये विंडोज एमई. दोन्ही संगणक शेजारी ठेवले तर तीच करडी टास्कबार आणि जवळपास तीच चिन्हे दिसत, पण आत ही दोन वेगळी घराणी होती. एमई हे ९५ आणि ९८ यांच्या वंशातले, डॉस या जुन्या प्रणालीच्या पायावर उभे असलेले. तिथे एखादा बिघडलेला प्रोग्रॅम प्रणालीच्याच मेमरीत लुडबुड करून अख्खा संगणक बंद पाडू शके. विंडोज ९८ मध्ये तर पासवर्ड विचारणारी चौकट एस्केपची कळ दाबून सरळ बाजूला सारता येई! विंडोज २००० चा गाभा मात्र एनटी या दुसऱ्या घराण्याचा होता. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत व्हीएमएस ही संगणकप्रणाली घडवणारे डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हा गाभा नव्याने लिहिला गेला. प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखणे आणि कोणत्या फाइलवर कोणाचा किती अधिकार आहे हे नोंदवणे, ही त्याची वैशिष्ट्ये. तो १९९३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याचा चेहरा विंडोज ३.१ सारखाच होता आणि १९९६ मध्ये त्याने विंडोज ९५ चा चेहरा घेतला.

मराठी वापरकर्त्यांना या दोन घराण्यांतला फरक रोजच्या कामात जाणवला. त्या काळी बहुतेक मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधून टंकला जाई. त्यात देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. विंडोज २००० मध्ये मंगल हा फाँट आणि युनिकोडनुसार (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीनुसार) देवनागरी जुळवणारी यंत्रणा प्रणालीतच आली. जोडाक्षरे बांधणे, व्यंजनानंतर टंकलेली ऱ्हस्व वेलांटी त्याच्या आधी दाखवणे, ही कामे आता फाँटच्या क्लृप्त्यांवर अवलंबून राहिली नाहीत. पुढच्या एक्सपीमध्येही ही सोय होती, पण दोन्हींत ती सेटिंगमध्ये जाऊन, बहुधा सीडी घालून, सुरू करावी लागे. त्यानंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून ती आपोआप मिळू लागली. माझ्या मते आपल्या भाषेपुरता विंडोजमधला सर्वांत मोठा बदल हाच, आणि पडद्याच्या चित्रांत तो कुठेच दिसत नव्हता.

२००१ चे एक्सपी ९८ वरून येणाऱ्याला संपूर्ण नवे होते; विंडोज २००० वापरणाऱ्याला मात्र निळ्या-हिरव्या रंगांखाली ओळखीचेच यंत्र सापडे. आतला क्रमांकही (प्रणाली प्रोग्रॅमना स्वतःची आवृत्ती म्हणून सांगते तो) ५.० वरून ५.१ एवढाच सरकला होता.

व्हिस्टावर मात्र अन्याय झाला, असे मला वाटते. त्याने पडद्याच्या ड्रायव्हरची (तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) घडण बदलली, प्रशासकाचे अधिकार लागणाऱ्या प्रत्येक कामाआधी संमती विचारायला सुरुवात केली आणि ६४ बिट आवृत्तीत डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर गाभ्यात येऊ देणे बंद केले. परिणामी अनेकांचे जुने प्रिंटर आणि स्कॅनर अडले व शिव्या व्हिस्टाला बसल्या. २००९ मध्ये विंडोज ७ आले ते त्याच पायावर. तोवर उत्पादकांचे ड्रायव्हर तयार झाले होते, म्हणून श्रेय सातला मिळाले. त्याचा आतला क्रमांक ७ नव्हे, तर ६.१ होता. मुख्य क्रमांक तपासून अडून बसणारे प्रोग्रॅम चालत राहावेत, यासाठी तो मुद्दाम तसा ठेवला होता. २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून गहजब ओढवून घेतला, तरी आतला क्रमांक ६.२ वरच थांबला.

विंडोज ११ चा आतला क्रमांक आजही १०.० आहे, ते दहाहून वेगळे ओळखू येते ते बिल्ड क्रमांकावरून, म्हणजे प्रणालीच्या त्या बांधणीच्या क्रमांकावरून, जो २२००० पासून सुरू होतो. आणि आता तर नाव आणि चेहरा न बदलताही पाया बदलतो. अकराची २०२३ ची २३एच२ ही आवृत्ती आधीच्या वर्षीच्याच पायावरची किरकोळ भर होती, तर २०२४ ची २४एच२ हे नव्या पायावरचे पूर्ण पुनर्स्थापन होते. जुन्या प्रोसेसरांवर नियम डावलून अकरा चालवणाऱ्या काहींचे संगणक त्यानंतर सुरूच होईनात, कारण या आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरांना ठाऊक नव्हती.