पिवळा दिवा आणि बटण

मंडळी, चर्चगेटकडे निघालेली लोकल लाल दिव्यापाशी थांबते, पण ती थांबवायला सुरुवात झालेली असते बरीच मागे. आधी दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल. शिवाय मुंबईच्या गाड्यांत इशारा वाजतो; मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबलं नाही, तर ब्रेक आपोआप लागतो. आपलं दुखणं इथंच आहे. आपण बटण दाबतो, वेग मात्र तोच. ‘हे बरं नव्हे, कळतंय मला,’ असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

दावीद राजाचं बघा, बायबलमधलं 2 शमुवेल 11. प्रवचनं बहुतेक बथशेबेच्या आंघोळीपासून सुरू होतात. शास्त्र त्याच्या आधी सुरू होतं. राजे लढाईला निघायचे दिवस, सेनापती यवाबाला धाडलं आणि हा यरुशलेमेतच राहिला. यात पाप कुठे आहे? संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरला, त्यातही नाही. आंघोळ करणाऱ्या तिच्यावर नजर पडली, ती पडते. पण मग त्याने माणूस पाठवून ती कोण, याची चौकशी केली. उत्तर आलं ते बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट: अलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. उरीया म्हणजे त्याच्याच 37 शूरांपैकी, तेविसाव्या अध्यायातल्या यादीतलं शेवटचं नाव. यापेक्षा ठळक इशारा कोणता देणार? पुढच्याच वचनात तिला आणायला दूत रवाना.

याकोब 1:14 मध्ये ‘भुलवला जातो’ यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो गळाला आमिष लावण्याचा आहे. कोळीवाड्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको. माशाला आमिष दिसतं, गळ नाही.

आता मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशाकडे येऊ, कारण त्यावर आपण फार कमी बोलतो. रविवारचं अर्पण दोघांनी मोजायचं, एका घरातल्या दोघांनी नव्हे. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, आकडा तिथेच शाईने वहीत, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. बिघडतं कुठे? ‘दुसरा आज वसईला गेलाय, मी एकटाच मोजतो,’ इथे. मग ‘उशीर झाला, पिशवी घरी नेतो’. मग महिनाअखेर, मुलाची फी, आणि ‘पुढच्या रविवारी परत टाकू’. या तिसऱ्या वाक्यापर्यंत कुणाला आपण चोर वाटत नाही. येशूचा शिष्य यहूदा, त्याच्याकडेही थैलीच होती. योहान 12:6 सांगतो की तो त्यातलं काढून घेत असे. येशूला धरून देण्याचा तीस रुप्यांचा सौदा नंतरचा.

मोबाइलचं थोडक्यात. एका खोलीच्या घरात ‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला हास्यास्पद आहे. चार्जर ओट्याजवळच्या फळीवर लावा, उशीपाशी नको. रात्री ज्या वेळी हात त्याच्याकडे जातो, ती वेळ आठवडाभर लिहून बघा. बहुधा थकव्याची किंवा भांडणानंतरची निघेल. तो तुमचा दोन पिवळ्यांचा दिवा.

आणि एक माणूस आधीच ठरवून ठेवा, पाळक किंवा वडीलधारी विश्वासी. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. पडल्यावर नव्हे, ओढ जाणवली त्याच दिवशी त्याला फोन करायचा. लांबलचक कबुली नको. ‘आज अर्पणाची पिशवी माझ्याकडे एकट्याकडे आहे, तू ये,’ एवढं पुरे.