राखाडी झाकणाची नळी आणि टूथपेस्ट

(दृश्य: सकाळची वेळ. सदाशिव पेठेतली एक पॅथॉलॉजी लॅब.)

उपाशीपोटी शुगर तपासायला आलेली मंडळी. कुणाच्या हातात फाइल, कुणाचं लक्ष घड्याळाकडे. रक्त देईपर्यंत कोपऱ्यावरचा चहा वर्ज्य.

आत रक्त काढलं जातं आणि राखाडी झाकणाच्या नळीत सोडलं जातं. नळीच्या तळाशी जी पांढरी पूड दिसते, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते कशासाठी? रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. सकाळचं रक्त दुपारी तपासलं तर रिपोर्ट उगाचच छान येईल. फ्लोराइड पेशींचं हे खाणं बंद पाडतं.

तेच फ्लोराइड आपण रोज ब्रशवर घेतो.

(दृश्य: अमृततुल्य. उकळणारा चहा, कपबश्यांचा आवाज.)

लॅबमधून सुटका झाली की पाय आपोआप इकडे वळतात. वेलदोड्याचा वास, दाट दूध आणि साखर अर्थातच सढळ. पहिला घोट घेतला की तोंडातली दुसरी एक वस्तीही जेवायला बसते. दातांवरच्या चिकट थरात राहणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणू तिच्यात आघाडीवर. 1924 मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क या संशोधकाने त्याला किडलेल्या दातांतून वेगळं काढलं. साखर आत ओढायची, पायरीपायरीने मोडायची आणि शेवटी लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचं, असा त्याचा खाक्या. काही मिनिटांत त्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली जाऊ शकतो. तिथे इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या कठीण कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ हे सगळं पूर्वपदावर आणते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. पुण्यात दोन चहांमध्ये तेवढी उसंत मिळेलच असं नाही.

(दृश्य: ॲनिमेशन. जिवाणूची पेशी, आत साखरेचे रेणू.)

साखर मोडण्याच्या दहा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर इनोलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, काम करतं. त्याला मॅग्नेशियम लागतं. फ्लोराइड आणि फॉस्फेट मिळून नेमके त्या मॅग्नेशियमला जखडतात आणि एन्झाइमची कामाची जागा अडते. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग आणि वाल्टर ख्रिश्चन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी 1942 मध्ये यीस्टमधलं इनोलेज स्फटिकरूपात मिळवून हे दाखवलं. तेव्हा दातांचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता.

इनोलेज अडलं की जिवाणूचं नुकसान दुहेरी होतं. या पायरीवर जो पदार्थ तयार होतो, फॉस्फोइनॉल पायरुव्हेट, तोच खर्चून हा जिवाणू बाहेरची साखर आत ओढत असतो. म्हणजे आतली चूल मंदावते आणि बाहेरून येणारा शिधाही आटतो.

पण फ्लोराइड आत शिरतं कसं? मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत आवडतो. विद्युतभार असलेल्या फ्लोराइड आयनला पेशीचं आवरण सहजी ओलांडता येत नाही. मात्र भोवती आम्ल वाढलं की काही फ्लोराइड हायड्रोजनशी जोडलं जातं, आणि हा भाररहित रेणू आरपार जातो. पीएच 7 वरून 5 वर आला, तर अशा रेणूंचं प्रमाण सुमारे शंभरपट होतं. आत आम्लता कमी, त्यामुळे रेणू पुन्हा फुटतो. फ्लोराइड आत अडकतं आणि सुटा झालेला हायड्रोजन आयन पेशीचं पोट आंबट करतो. तो बाहेर फेकायचा जो पंप आहे, त्याच्याही कामात फ्लोराइड अडथळा आणतं. जिवाणू जितकं आम्ल ओततो, तितकं फ्लोराइड स्वतःच्याच घरात ओढून घेतो.

(दृश्य: पुन्हा ती राखाडी झाकणाची नळी, आता बर्फात.)

आता जरा हात आखडता घेऊ. इनोलेज नवव्या पायरीवर आहे, त्यामुळे आधीच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात. या नळीतही पहिला तास-दोन तास साखर घटतच असते. म्हणून नमुना बर्फात ठेवणं आणि रक्तातला द्रव लवकर वेगळा करणं चांगलं. शिवाय नळीत फ्लोराइड भरपूर असतं, तोंडात ब्रश झाल्यावर त्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं. जिवाणूंकडे फ्लोराइड बाहेर फेकणारी प्रथिनंही आहेत. ‘जंतूंचा नायनाट’ वगैरे जाहिरातीपुरतं ठीक. फ्लोराइडचं मोठं काम इनॅमलवर चालतं: विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत बसवायला ते मदत करतं, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. एन्झाइम अडवणं ही त्याला मिळालेली जोड.

जास्त फ्लोराइड म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातून ते जास्त गेल्याने दातांवर डाग आणि हाडांची दुखणी आली. इनोलेज आपल्याही पेशींत आहेच. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते.

(दृश्य: रात्र. बेसिन, आरसा.)

मोठ्यांनी झोपण्यापूर्वी ब्रश करावा. झोपेत लाळ कमी सुटते. फेस थुंकून टाकायचा आणि खळखळून चूळ भरायचा मोह आवरायचा. चूळ भरली की फ्लोराइड थेट बेसिनमध्ये.