दोन टोपणं, पंधरा सेकंद

(दृश्य: पहाट. दवाखान्याच्या पायऱ्या. पिशव्या घेऊन चढणारी माणसं.)

सकाळचे साडेसहा. जिल्ह्याच्या ठिकाणचं डायलिसिस केंद्र. किडनी निकामी झालेल्यांचं रक्त इथं मशीननं साफ करतात. पहिल्या शिफ्टचे पेशंट आलेत. पिशवीत चादर, डबा आणि जाडजूड फाईल. आल्या आल्या आधी वजनकाटा. मागच्या डायलिसिसनंतर अंगात किती पाणी साठलं ते काटा सांगतो, आणि आज मशीननं किती काढायचं ते त्यावरून ठरतं.

(दृश्य: खिडकीजवळचा बेड. शर्टाची बटणं सोडणारे हात.)

खिडकीजवळच्या काकांना आता कुणी सांगावं लागत नाही. वरची दोन बटणं ते स्वतःच सोडतात. उजव्या खांद्याच्या खाली, छातीवर ड्रेसिंग आहे. त्यातून नळीचे दोन फाटे बाहेर आलेत. एकावर लाल क्लॅम्प, म्हणजे नळी बंद करणारा चिमटा, एकावर निळा. दोन्हींच्या तोंडाला टोपण. हा पर्मकॅथ. लाल फाट्यातून रक्त मशीनकडे जातं, निळ्यातून साफ होऊन परत येतं.

बाहेर दिसते ती नळी वीतभरही नाही. तिचा बाकीचा भाग कातडीखालून मानेतल्या मोठ्या शिरेत शिरतो आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचतो. टोपणाच्या बाहेर हा वॉर्ड आहे, लोकांची ये-जा आहे, पंख्याचा वारा आहे. टोपणाच्या आत हृदयाकडे जाणारी वाट आहे.

काकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होतं. वर्षाला 156 वेळा. दर वेळी दोन्ही फाट्यांची तोंडं सुरुवातीला उघडतात आणि संपल्यावर पुन्हा एकदा. म्हणजे वर्षातून 624 वेळा ही वाट उघडी होते. आमची फिल्म या 624 वेळांबद्दल आहे.

(दृश्य: बेसिन. सिस्टरचे हात, कोपरापर्यंत. पाण्याचा आवाज तसाच राहू द्यावा.)

(मूळ आवाज: "काका, मास्क वर घ्या. नाकावरनं." "घेतला की, सिस्टर." "आणि मान तिकडं करा.")

मास्क दोघांनाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर राहतो. तिथं तो बहुधा काही करत नाही. उघड्या नळीवर एक शिंक पडली, तर मात्र तो रक्तात जाऊ शकतो.

(दृश्य: अगदी जवळून. दोन फाटे, हातमोजे घातलेली बोटं.)

आता नीट बघा. आधी दोन्ही क्लॅम्प बंद आहेत ना, हे बोटानं दाबून पाहिलं. क्लॅम्प उघडा राहिला तर हवा आत जाईल. मग लाल फाट्याचं टोपण फिरवून काढलं. ते पुन्हा वापरायचं नाही, थेट कचऱ्यात. आणि आता सिस्टर पुसतायत ते नळीचं तोंड. तोंडाच्या कडेला आटे असतात, बाटलीच्या तोंडाला असतात तसे. वाळलेल्या रक्ताचा कण अडकतो तो या आट्यांतच. म्हणून वरवर पुसून चालत नाही. जंतुनाशकाचा ओला पॅड आट्यांवर दाबून घासायचा, मग टोकावर घासायचा.

(मूळ आवाज: सिस्टर हळू मोजतात. "...बारा, तेरा, चौदा, पंधरा.")

पंधरा सेकंद. मग वाळू द्यायचं. पुसायचं नाही, फुंकर तर मुळीच घालायची नाही. तोवर तोंड हातातच धरून ठेवायचं, कुठे टेकू द्यायचं नाही. निळ्या फाट्याला नवा पॅड, पुन्हा पंधरा सेकंद. त्यानंतर सिरिंज. नळीत रक्त गोठू नये म्हणून मागच्या वेळी भरून ठेवलेलं हेपरिन ओढून टाकायचं, सलाईननं नळी धुवायची आणि मगच मशीनच्या लाइन जोडायच्या.

हे शॉट आम्ही एकाच सकाळी घेतले. सात मशीन, दोन सिस्टर. मधेच फोन वाजला, एका पेशंटचं बीपी उतरलं, दारात कुणाचा तरी नातेवाईक उभा होता. सिस्टर थांबल्या, जाऊन आल्या, हात पुन्हा धुतले, नवे हातमोजे घातले आणि मोजणं पुन्हा एकपासून सुरू केलं. ही शिस्त पगाराच्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेली नसते.

अमेरिकेत रोग नियंत्रणाचं काम पाहणाऱ्या सीडीसीनं 2009 मध्ये डायलिसिस केंद्रांना सोबत घेऊन असंच काम सुरू केलं. हात धुणं, तोंड घासणं, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकानं कातडी स्वच्छ करणं, सिस्टर आणि पेशंट दोघांना शिकवणं, आणि हे रोज होतंय का ते बाजूला उभं राहून पाहणं. ज्या 17 केंद्रांचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले, तिथं नळीच्या किंवा डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या शिरेच्या, म्हणजे फिस्टुलाच्या, वाटेनं रक्तात होणारे संसर्ग 54 टक्क्यांनी घटले. यात नवं मशीन कुठलंच नव्हतं.

(दृश्य: शेजारचा बेड. एका मावशींचं मनगट. त्यावर टेकलेली दोन बोटं.)

या मावशींच्या छातीवर नळी नाही. त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं जाणवतं. ही फिस्टुला. हाताची धमनी शिरेला जोडली की शीर फुगते, जाड होते आणि सुई घेण्याजोगी होते. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात ब्रेसिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं आणि 1966 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी, 1960 पासून, सिएटलच्या स्क्रिब्नर यांची टेफ्लॉनची नळी हातावर कायम बाहेर ठेवावी लागे. तिच्यामुळेच वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. पण तीही कातडी भेदून बाहेर आलेली नळीच होती. ती पिकायची, गोठायची. फिस्टुलात बाहेर काहीच राहत नाही, म्हणून तिच्यात संसर्ग सगळ्यात कमी.

फक्त ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे बरेच पेशंट धाप लागल्यावरच येतात, मग गळ्यात नळी घालण्यावाचून इलाज नसतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, वाढत चाललंय असं डॉक्टर म्हणाले, तर त्याच दिवशी विचारा, माझी फिस्टुला कधी करायची? आणि ज्या हातानं आपण लिहीत नाही, तो हात राखून ठेवा. त्यात सलाईन नको, रक्त काढायला सुई नको.

(दृश्य: काकांचं घर. मोरी, बादली, दोरीवर पंचा.)

घरी आल्यावर काका कमरेखाली पाणी घेतात आणि वरचं अंग ओल्या पंचानं पुसतात. ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी केंद्रावर. हळद नाही, पावडर नाही. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कुणी या नळीतून सलाईन लावू म्हणालं, तर काकांचं उत्तर ठरलेलं आहे.

(मूळ आवाज: "ही फक्त डायलिसिसची. हातातनं लावा.")

मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरली, तर ते एसीचं गार वारं समजू नका, लगेच सिस्टरना सांगा. ती नळीतून रक्तात गेलेल्या जंतूंची खूण असू शकते. हे जंतू हृदयाच्या झडपांवर बसतात, मणक्यात जातात, जीव घेतात.

(दृश्य: साडेअकरा. मशीनचा बीप. काकांच्या छातीवरचे दोन फाटे.)

चार तास झाले. लाइन सुटल्या. पुन्हा पॅड, पुन्हा आटे, पुन्हा मोजणं. हेपरिन भरलं, दोन नवी टोपणं बसली. काका चादरीची घडी घालतायत. दारात वजनकाट्यावर दुसऱ्या शिफ्टची मुलगी उभी आहे आणि सिस्टर बेसिनकडे निघाल्यात.

(मूळ आवाज: पाणी.)