दुसऱ्या गिअरमध्ये ग्रोसग्लॉकनर

(फेरलायटनचा टोलनाका, सकाळचं ऊन)

ऑस्ट्रिया. ग्रोसग्लॉकनर या डोंगरी रस्त्यावरचा फेरलायटनचा टोलनाका. पुढे दोन बाईकवाले, मागे एक चकचकीत पोर्शा, आणि मधे आपली हीरोइन, १९८४ ची मर्सिडीज ३०७ डी व्हॅन. मागे दोन बर्थ, सिंक, गॅस, म्हणजे छोटंसं घरच. टोल चाळीस युरोच्या पुढे आहे, दादाने पैसे दिले, वहिनीने पावती सनशेडमध्ये खोचली. इथे आपण साधारण अकराशे मीटरवर आहोत आणि जायचंय २५०४ मीटरवरच्या होखटोरला, म्हणजे घाटमाथ्याला. वाटेत हेअरपिन वळणं, चढ कमाल १२ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की बारा मीटर वर.

(इंजिनचा क्लोजअप)

आता हे बघा, कारण पूर्ण व्हिडिओत मला सगळ्यात जास्त हेच दाखवायचंय. ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर, जास्तीची हवा कोंबणारा टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, एकही सेन्सर असा नाही की जो मधेच रुसून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे अर्ध्यामुर्ध्या ताकदीवर, टाकेल. हीटर प्लगचा, म्हणजे सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. एकदा सुरू झालं की याला फक्त डिझेल आणि हवा लागते. पॉवर ७२ हॉर्सपॉवर, आणि ओढायचं वजन तीन टनाच्या वर. आजच्या बऱ्याच साध्या हॅचबॅकसुद्धा यापेक्षा ताकदीच्या असतात.

आवाज ओळखीचा वाटला ना? वाटणारच. ही गाडी मर्सिडीजच्या टी १ सिरीजमधली, जर्मनीत हिला ब्रेमर ट्रान्सपोर्टर म्हणतात, आणि याच गाडीवरून आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर काढली. इंजिनसुद्धा हेच, लायसन्सवर आपल्याकडेच बनलेलं. शिर्डी, अष्टविनायक, लग्नाचं वऱ्हाड, महाराष्ट्रातली निम्मी माणसं हिच्या बहिणीत बसून उलट्या करत घाट चढलीयेत. दादा मूळचा सांगलीचा, गाडी बघायला गेला तेव्हा चावी फिरवल्याबरोबर म्हणाला, अरे ही तर आपली ट्रॅव्हलर, आणि भाव करायचं पण विसरला.

(डॅशबोर्ड, टेम्परेचरचा काटा)

चढ सुरू झाला की तिसरा गिअर काही मिनिटंच टिकतो. चार गिअरचा बॉक्स आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधे मोठी दरी, तिसऱ्यात इंजिन गुरगुरत खाली बसायला लागलं की दादा वेळेवर दुसरा टाकतो आणि मग वरपर्यंत दुसराच. ताशी पंचवीस-तीस. उशीर केला तर वेग इतका पडतो की पहिला टाकावा लागतो आणि पहिल्यात हे इंजिन नुसतं ओरडतं, गाडी सरकत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, पाऊण ठेवायचा. शेवटच्या पाव भागात ताकद फारशी वाढत नाही, धूर आणि उष्णता मात्र वाढते.

वहिनीचं काम एकच, काटा वाचायचा.

"किती गं?"
"नव्वद. नाही, पुढे गेला."
"हीटर लाव. फुल्ल."

ऑगस्ट महिना, बाहेर ऊन, इंजिनचं कव्हर दोघांच्या मधे केबिनमधेच, त्याच्यावर हात ठेववत नाही, आणि वर हा हीटर फुल्ल. पण हीटर म्हणजे शेवटी छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो केबिनमधे ओततो. वेग कमी, समोरून वारा नाही, मोठा रेडिएटर दमलाय, अशा वेळी हा दुसरा उपयोगी पडतो. बघा, काटा थांबला. दादाच्या कपाळावरचा घाम थांबला नाही.

(धूर, मागून घेतलेला शॉट)

हा काळा धूर. वर जाल तशी हवा विरळ होते, अडीच हजार मीटरवर ती समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट उरते, पण पंप डिझेल तेवढंच सोडतो, मग न जळलेलं काळं होऊन बाहेर येतं. टर्बो असता तर भरून काढलं असतं. म्हणजे ७२ मधले वर पोचेपर्यंत पंचावन्नच्या आसपास उरतात. धूर वाईट, मान्य आहे, पुढे जाऊया.

(रस्त्याचं ड्रोन)

हा रस्ता फ्रान्झ वाल्लाक नावाच्या इंजिनिअरने आखला. काम सुरू झालं १९३० मध्ये, मंदीचा काळ, हजारो हात रिकामे होते, आणि ३ ऑगस्ट १९३५ ला रस्ता खुला झाला. त्याच्या आधीच, सप्टेंबर १९३४ मध्ये, वाल्लाक आणि साल्झबुर्गचा गव्हर्नर रेर्ल श्टायर १०० नावाच्या एका छोट्या मोटारीतून अर्धवट रस्त्यावरून पार झाले होते, म्हणजे इथे कमी पॉवरची गाडी घेऊन येण्याची परंपरा रस्त्याएवढीच जुनी आहे! ब्रूक ते हायलिगेनब्लूट ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन, प्रत्येकीवर नंबर आणि उंचीची पाटी.

(काळे-पांढरे पट्टे चिकटवलेली गाडी)

आणि ही बघा, नवीन मॉडेलची टेस्टिंगची गाडी, अंगभर डिझाइन चिकटवलेलं, ओळखू नये म्हणून. कंपन्या ब्रेक आणि कूलिंग तपासायला इथे येतात. ती झुम करून गेली. मागे रांग लागली की दादा पुढच्या पार्किंग बेमधे घेतो, सगळ्यांना जाऊ देतो, हात करतो. आपल्याकडे घाटात असं कोणी केलं तर मागचे धन्यवाद म्हणायच्या आधी हॉर्न वाजवतील.

(स्टिअरिंगवरचे हात, हेअरपिन)

पॉवर स्टिअरिंग नाही. इथे मी काही बोलत नाही, बघा.

(होखटोरचा बोगदा)

२५०४ मीटर. तीनशे मीटरचा बोगदा, या तोंडाला साल्झबुर्ग प्रांत, त्या तोंडाला कारिंथिया. पास्टर्त्से हिमनदी बघायला फाट्याने वर गेलो होतो, ऑस्ट्रियातली सगळ्यात लांब हिमनदी, तीही झपाट्याने मागे चाललीय, पूर्वी बर्फापर्यंत नेणाऱ्या रेल्वेचं खालचं टोक आता बर्फाच्या कितीतरी वर राहिलंय. असो. उतार.

(पुढच्या चाकाचा क्लोजअप)

खरी परीक्षा उतारावर असते. नियम आपल्या कुठल्याही जुन्या एसटी ड्रायव्हरला विचारा, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून खंबाटकी उतरणाऱ्यांचं काय होतं ते पेपरात येतंच. दादा ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही, वेग वाढला की एकदाच घट्ट दाबतो, वेग पाडतो, पाय पूर्ण काढतो, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. सतत हलका दाबून ठेवला की लायनर तापतात, मग ऑइल तापतं, आणि ब्रेक ऑइलला हवेतलं पाणी ओढायची सवय असते. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी शिरलं की ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, पॅडल थेट जमिनीला. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात दादाने ऑइल बदललं, गाडीवरचा सगळ्यात स्वस्त विमा.

मधल्या बेमधे थांबून तो चाकाजवळ वाकतो, हात लावत नाही, नाक लावतो. जळका वास नाही. पाच मिनिटं, चहा, परत दुसरा गिअर.

खालच्या टप्प्यात पाऊस आला आणि कॅमेरा बॅगेत गेला, त्यामुळे हायलिगेनब्लूटचं ते टोकदार मनोऱ्याचं चर्च तुम्हाला ओल्या काचेतूनच दिसतंय.

जर्मनीत तीस वर्षं ओलांडलेल्या आणि नीट जपलेल्या गाडीला एच नंबरप्लेट मिळते, टॅक्स वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरातल्या एन्व्हायर्नमेंट झोनमधे जायला मुभा. भंगारात काढा म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय. इथून पुढे इझेल्सबर्गचा घाट, तो बाराशे मीटरचाच, आणि मग लिएन्त्स गाव. तिथे डिझेल भरायचं, कूलंट बघायचं, आणि वहिनीला हीटर बंद करायचाय.